देवळालीचे गणितानंद : द. रा. कापरेकर

गणपती आणि गणित या दोन शब्दांचे मूळ एकच आहे. ‘गण’ म्हणजे समूह, आणि समूह आला की मोजणे आलेच. बुद्धीच्या देवतेपुढे दरवर्षी आपण अथर्वशीर्षाची आवर्तने मोजतो, एकवीस दूर्वा मोजतो, एकवीस मोदक मोजतो. आरतीच्या तबकात जमलेली नाणीही मोजतो! मोजण्याशिवाय आपला एकही उत्सव पार पडत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत मोजण्यातच आयुष्य घालवलेल्या एका मराठी माणसाची ओळख करून द्यावी असे मनात आले. या माणसाने कधी मोठे पद भूषवले नाही, त्याच्या नावापुढे डॉक्टर ही पदवी नव्हती, आणि तो कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. तो एका लहान गावातला शाळामास्तर होता. तरीही आज जगात कुठेही चार अंकी संख्यांच्या गमतीचा विषय निघाला की त्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

रायपूरहून मुंबईला जाणारी आपली गाडी, मग ती हावडा-मुंबई मेल असो की गीतांजली, नागपूर-भुसावळ करीत नाशिक रोडला पोहोचते. नाशिक रोड सुटले की सामान आवरायचे की अजून एक डुलकी काढायची या विचारात आपण असतो, आणि खिडकीबाहेरून एक स्टेशन निघून जाते. त्या स्टेशनाचे नाव देवळाली. वर्षानुवर्षे आपल्यापैकी कितीतरी जण त्या स्टेशनावरून गेले असतील. तिथे बत्तीस वर्षे मुलांना शिकवणाऱ्या एका मास्तरांनी जगाला एक संख्या दिली, हे किती जणांना ठाऊक असेल? ती संख्या म्हणजे ६१७४.

डहाणूचा मुलगा

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते. पगार बेताचा, पण त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. अंश, कला, घटिका, पळे यांचे हिशेब घरात सतत चालत असणार. मुलगा आठ वर्षांचा असतानाच आई गेली, आणि पुढे वडिलांनीच त्याला वाढवले. आईविना वाढणाऱ्या त्या मुलाला वडिलांकडून इस्टेट मिळाली नाही, आकड्यांचे वेड मात्र मिळाले. ते त्याने जन्मभर सांभाळले.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. कोडी सोडवण्याचा आणि लांबलचक हिशेबाला आडवाट शोधण्याचा छंद शाळेतच लागला होता. १९२३ साली कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झालेल्या र. पु. परांजपे यांच्या नावाने गणितातील स्वतंत्र कामासाठी एक पारितोषिक दिले जात असे. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढचे पदव्युत्तर शिक्षण मात्र झाले नाही. १९३० साली त्यांनी देवळालीला शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेच काम केले.

लष्करी गावातले मास्तर

देवळाली हे मूळचे लष्करी छावणीचे गाव. ब्रिटिश अमदानीत मायदेशी परतणारे गोरे सैनिक इथल्या छावणीत बोटीची वाट पाहत पडून राहत. महिनोन्‌महिने काही कामधाम नाही, वर उकाडा आणि ताप, त्यामुळे काहींची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजी भाषेत भ्रमिष्ट माणसासाठी ‘डूलाली’ असा एक शब्दच रूढ झाला. म्हणजे इंग्रजी शब्दकोशात देवळालीचे नाव गेले ते वेडेपणाच्या अर्थाने! त्याच गावात एक मास्तर फावल्या वेळी कागदावर आकडे मांडत बसत, तेव्हा त्यांनाही काही लोक वेड्यात काढीत असतील तर नवल नाही. हे वेड निराळे होते, एवढेच.

मास्तर सायकलवरून फिरत. शाळेखेरीज खासगी शिकवण्या घेत. त्यांची शिकवण्याची पद्धत चाकोरीबाहेरची होती. नदीकाठी निवांत बसून संख्यांचा विचार करावा, हा त्यांचा आवडता विरंगुळा. पुण्या-मुंबईची मोठी ग्रंथालये हाताशी नव्हती, चर्चेला बरोबरीचे गणिती नव्हते, संगणकाचा तर प्रश्नच नव्हता. साधने म्हणजे कागद, पेन्सिल आणि न संपणारा धीर. एखादी संख्या घ्यायची, तिचे अंक उलटे करायचे, बेरीज करायची, वर्ग करायचा, तोडायचा, पुन्हा जोडायचा, आणि काही नियम दिसतो का ते पाहायचे. एकदा नव्हे, हजारो वेळा.

जिथे सगळ्या वाटा येऊन मिळतात

आता त्या प्रसिद्ध संख्येकडे वळू. वाचकहो, जवळ कागद-पेन्सिल घ्या. कोणतीही चार अंकी संख्या मांडा, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य घालून चार अंक पुरे करा.

आपले छत्तीसगढ राज्य २००० साली अस्तित्वात आले. तेच साल घेऊ. २००० मधून ०००२ वजा केले की १९९८. मग ९९८१ मधून १८९९ वजा केले की ८०८२. मग ८८२० मधून ०२८८ वजा केले की ८५३२. शेवटी ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४. आता ६१७४ चे पुन्हा तेच करा : ७६४१ वजा १४६७, उत्तर ६१७४! इथून पुढे संख्या हलायचे नाव घेत नाही. एकदा तिथे पोहोचले की पोहोचले.

तुमच्या गाडीच्या पाटीवर ‘सीजी ०४’ नंतर जे चार आकडे असतील ते घ्या, लग्नाचे साल घ्या, कपाटाच्या कुलपाचा आकडा घ्या. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोहोचणारच. पंढरीच्या वाटेला कुठल्याही गावाहून निघा, शेवट चंद्रभागेच्या काठीच व्हायचा, तसेच हे.

असे का होते? थोडे खोलात शिरू. संख्येचे चार अंक उतरत्या क्रमाने लावले की उत्तर फक्त दोन गोष्टींवर अवलंबून राहते : पहिल्या आणि चौथ्या अंकातला फरक, आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकातला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणायचे, दुसऱ्याला ९० ने गुणायचे आणि बेरीज करायची, की वजाबाकीचे उत्तर तयार. ८५३२ मध्ये हे फरक ६ आणि २ आहेत. ६ गुणिले ९९९ म्हणजे ५९९४, २ गुणिले ९० म्हणजे १८०, आणि बेरीज ६१७४. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो, आणि दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर त्या केवळ ५४ भरतात. म्हणजे सुरुवातीला ९,९९० संख्या असल्या तरी पहिल्याच वजाबाकीनंतर फक्त ५४ उरतात. त्या ५४ मधली प्रत्येक संख्या पुढे कुठे जाते हे तपासले की सिद्धता पुरी झाली. इतके साधे! पण साधे आहे हे आधी कोणाला तरी दिसावे लागते. ते १९४६ साली कापरेकरांना दिसले.

तीन अंकी संख्यांचे असेच केले तर सगळ्या ४९५ ला येऊन थांबतात. पाच अंकी संख्या मात्र एका जागी थांबत नाहीत, त्या गोल फेऱ्यांत अडकतात. सहा अंकी संख्यांमध्ये ५,४९,९४५ आणि ६,३१,७६४ अशी दोन विश्रांतिस्थाने आहेत, पण तिथेही सगळ्या संख्या पोहोचत नाहीत, काही फिरतच राहतात. हे पाहिले म्हणजे चार अंकांतल्या त्या एकमेव मुक्कामाचे मोल अधिक कळते.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेऊन पाहा. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. बरोबर सात पायऱ्या, एकही कमी नाही. शोधाचे साल १९४६ घेतले तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येते, आणि पुढची वाट तीच. त्यांचे निधन १९८६ साली झाले. त्या सालाचीही पहिली वजाबाकी ८१७२ च. हा योगायोग आहे, यात काही गूढ नाही. पण मास्तरांना तो नक्की आवडला असता.

हर्षद, स्वयंभू आणि डोंबिवली

कापरेकर म्हणजे फक्त ६१७४ असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. संख्यांच्या कितीतरी जाती त्यांनी शोधल्या आणि त्यांना अस्सल आपल्याकडची नावे दिली.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. आपल्या मोदकांची संख्या २१ घ्या. २ आणि १ मिळून ३, आणि २१ ला ३ ने भाग जातो. म्हणजे २१ हर्षद. जपमाळेतले १०८ मणी घ्या. बेरीज ९, भागाकार १२. तीही हर्षद. सहस्रावर्तनाची १००० सुद्धा हर्षद. आणि ६१७४? अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ भागिले १८ म्हणजे ३४३, जो सातचा घन आहे. म्हणजे ६१७४ स्वतःही हर्षद आहे! शिवाय १८ चा घन ५८३२, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ यांची बेरीज केली तरी ६१७४ च येते. पुढे अमेरिकेत आयव्हन निव्हेन या गणितज्ञांनी १९७७ साली एका परिषदेतील व्याख्यानात याच संख्यांचा उल्लेख केला, तेव्हापासून तिकडे काही जण त्यांना निव्हेन संख्या म्हणतात. आपण हर्षदच म्हणावे.

दुसरी जात आहे ती ज्यांना कोणी ‘जन्म’ देत नाही अशा संख्यांची. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे १५ ही २१ ची जननी झाली. पण काही संख्या अशा आहेत की त्या कुठल्याच संख्येपासून या रीतीने निर्माण होत नाहीत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ अशी त्यांची रांग आहे. आपल्या १०८ लाही कोणी जननी नाही. कोकणात ज्या गणपतीची मूर्ती कोणी घडवली नाही त्याला आपण स्वयंभू म्हणतो, तशा या स्वयंभू संख्या. कापरेकरांनी १९६३ साली त्यांच्यावर एक पुस्तिका स्वतःच छापून प्रसिद्ध केली. या संख्यांना ‘देवळाली संख्या’ असेही नाव आहे. डूलाली शब्दाने झालेली गावाची बदनामी मास्तरांनी अशी भरून काढली, असे म्हणायला हरकत नाही.

त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘कापरेकर संख्या’ निराळ्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५! छत्तीसगढ राज्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली ते साल नेमके हेच, २०२५. तसेच २९७ चा वर्ग ८८,२०९, त्याचे तुकडे ८८ आणि २०९, बेरीज २९७. ७०३ चेही तसेच. मोठी हवी असेल तर १,४२,८५७ घ्या. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. पहिले पाच अंक २०४०८ आणि पुढचे सहा १२२४४९, बेरीज पुन्हा १,४२,८५७.

देवळालीहून गाडी पुढे निघाली की इगतपुरी, कसारा घाट, कल्याण आणि मग डोंबिवली. जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या या स्टेशनावर कापरेकरांना काही संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांना त्यांनी ‘डेम्लो’ संख्या म्हटले. डेम्लो हे डोंबिवलीचेच त्या काळचे एक रूप. यांतल्या सर्वांत देखण्या संख्या अशा : ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. असे चढत जाऊन नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. पायऱ्या चढून शिखरावर जावे आणि पलीकडून उतरावे तशी ही सतरा अंकी संख्या दिसते. देवळाच्या शिखराची आकृतीच जणू. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि या अवाढव्य संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो. म्हणजे ती हर्षदही आहे. दहा वेळा १ लिहून वर्ग केला की मात्र हातच्यांमुळे नक्षी मोडते.

सतरा अंकी संख्या वाचायची कशी, असा प्रश्न पडेल. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. त्या हिशेबाने ही संख्या परार्धाच्या अलीकडे, ‘मध्य’ या स्थानावर येते. आणि आपल्या रायपूर-मुंबई गाडीच्या वाटेवरच चाळीसगाव आहे. त्याच्या जवळ पाटणादेवी परिसरात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. चाळीसगाव, देवळाली, डोंबिवली! खिडकीतून दिसणारी ही तीन स्टेशने मुलांना दाखवली तर अर्धा प्रवास गणिताच्या गोष्टींत निघून जाईल.

आणखी एक जात सांगून हा भाग पुरा करतो. १३ चा वर्ग १६९. त्याचे तुकडे १६ आणि ९, दोन्ही पूर्ण वर्ग. १६०२ चा वर्ग २५६६४०४. त्याचे तुकडे २५६, ६४ आणि ०४, तिन्ही पूर्ण वर्ग. एकाच देहात अनेक देव सामावलेले, म्हणून या ‘दत्तात्रेय’ संख्या. मास्तरांचे स्वतःचे नावही दत्तात्रेयच. खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीच्या सुमारास त्यांनी त्याच्या नावाने एक जादूचा चौरस रचला. पहिल्या ओळीत १९, २, १४, ७३, म्हणजे त्याची जन्मतारीख १९ फेब्रुवारी १४७३. ओळीची बेरीज येते १०८.

उपेक्षा

हे सर्व वाचताना आपल्याला मौज वाटते. पण त्या काळी गणिताच्या जाणकार मंडळींत याची फारशी कदर झाली नाही. १९४९ साली मद्रासला झालेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी ६१७४ चा शोध मांडला. भारतीय गणितज्ञांच्या सभांना ते हौसेने जात. पण तिथे अनेकांनी त्यांचे काम पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेले. त्यांचे लेख मोठ्या नियतकालिकांत क्वचितच आले. पुष्कळसे लिखाण त्यांनी पदरमोड करून लहान पुस्तिकांच्या रूपाने छापले. शाळामास्तराच्या पगारात छपाईचा खर्च म्हणजे काय, हे मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या आपल्याला वेगळे सांगायला नको. १९५५ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात ६१७४ वरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा शोधाला नऊ वर्षे होऊन गेली होती.

टीका करणाऱ्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. आपण दशमान पद्धतीने लिहितो म्हणून या गमती घडतात, लिहिण्याची पद्धत बदलली तर ६१७४ चे माहात्म्य राहत नाही. गणिताच्या मोठ्या सिद्धांतांशी याचा थेट संबंध लागत नाही. हे खरेच आहे. पण फुलाचा उपयोग काय, असे विचारून कोणी जास्वंद लावायचे थांबत नाही. शिवाय कोणते कुतूहल पुढे कुठे जाईल हे आधी सांगता येत नाही. कापरेकरांनी सुरू केलेल्या स्वयंभू आणि हर्षद संख्यांवर पुढे देशोदेशीच्या गणितज्ञांनी शोधनिबंध लिहिले, आणि ६१७४ ची वजाबाकी संगणकाची आज्ञावली लिहायला शिकणाऱ्या मुलांचा आवडता सराव झाली.

१९६२ साली मास्तर निवृत्त झाले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेनासे झाले, तेव्हा गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन ते गुजराण करीत राहिले. विश्रांतीच्या वयात पुन्हा दारोदार शिकवणी! तरी आकड्यांशी असलेला त्यांचा संसार सुटला नाही. या आनंदामुळेच त्यांना ‘गणितानंद’ हे नाव पडले. हाल सोसून आनंदी राहणारा माणूस म्हटले की आपल्याला संत आठवतात. मास्तर त्यांच्याच जातकुळीचे.

सत्तराव्या वर्षी उजाडले

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांच्या कामावर लिहिले. हे सदर जगभर वाचले जाई. देवळालीच्या मास्तरांचे नाव एकदम सर्वतोमुखी झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. ज्या कामाला घरी हसले गेले त्याला परक्यांनी शाबासकी दिली. हे काही आपल्याकडे पहिल्यांदा घडले नाही आणि शेवटचेही नसेल. पण गार्डनरसाहेबांच्या लेखामुळे मास्तर मोठे झाले असे म्हणू नये. ते होतेच. लेखामुळे आपल्याला दिसले, इतकेच.

१९८६ साली देवळालीतच त्यांनी देह ठेवला. पुढची अकरा वर्षे तरी त्यांना कीर्ती पाहता आली, हे त्यातल्या त्यात समाधान.

आपण काय घ्यावे?

आपण रायपूरकर मराठी मंडळी नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने इथे आलो. काहींची तिसरी-चौथी पिढी इथे नांदते आहे. दिवसभर कचेरी, बँक, दुकान, कारखाना सांभाळून संध्याकाळी कोणी नाटक बसवतो, कोणी पेटी वाजवतो, कोणी जुनी नाणी जमवतो. याचा उपयोग काय, असे घरचेही कधी विचारतात. कापरेकरांचे चरित्र हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. पोटाची नोकरी प्रामाणिकपणे करून, कोणाच्या शाबासकीची वाट न पाहता, एका आवडीला आयुष्य वाहता येते. त्यासाठी मोठे शहर लागत नाही, मोठी पदवी लागत नाही.

दुसरी गोष्ट मुलांची. आपली मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात गैर काही नाही. पण घरात एकोणसाठ म्हटले की ती बावचळतात, एकुणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गोंधळतात, आणि शेवटी आजी-आजोबांनाच फिफ्टी-नाइन म्हणावे लागते. भाषा जाते ती आधी आकड्यांतून जाते, कारण मनातल्या मनात हिशेब माणूस आपल्या भाषेत करतो. ‘एकोणसाठ’ या शब्दात साठातून एक उणे करण्याची वजाबाकी दडलेली आहे. मुलांना ६१७४ चा खेळ शिकवताना वजाबाक्या मराठीत मोठ्याने म्हणायला लावल्या, तर गणिताची भीती आणि मराठीचा संकोच दोन्ही एकदम कमी होतील. पुढील वर्षी मंडपात चित्रकला आणि पाठांतर यांच्या स्पर्धांबरोबर अर्धा तास या आकड्यांच्या खेळालाही द्यावा, अशी उत्सव समितीला नम्र सूचना आहे. खर्च काहीच नाही, कागद आणि पेन्सिल पुरे.

आणि पुढच्या खेपेला मुंबईला जाताना नाशिक रोड सुटले की सामान आवरण्याआधी क्षणभर खिडकीबाहेर पाहा. गाडी थांबो वा न थांबो, देवळालीची पाटी दिसली की मुलांना सांगा, इथे एक मास्तर राहत होते.

गणितानंद कापरेकर मास्तरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

गणपती बाप्पा मोरया!